शेगडीत न जळणारे चार लिटर

गोबरगॅसची शेगडी सिलिंडरच्या शेगडीशेजारी पेटवून पाहिली, तर ज्योत जरा मऊ दिसते. निळी असते, पण दम कमी. सयंत्र कितीही नीट चालत असलं तरी हा फरक राहतोच, कारण नळीतून येणाऱ्या दर दहा लिटर वायूतले साधारण चार लिटर जळतच नाहीत. उरलेले सहा मिथेनचे, ते जळतात. हे चार कार्बन डायऑक्साइडचे. ते नळीतून येतात, ज्योतीतून वाट काढतात, थोडी उष्णता सोबत घेतात आणि स्वयंपाकघराच्या कौलांतून निघून जातात. आपल्याकडे गोबरगॅसवर पुष्कळ लिहिलं गेलं, ते सगळं त्या सहा लिटरांवर. हा लेख उरलेल्या चारांचा आहे.

यवतमाळहून वर्ध्याकडे निघालं की वाटेत कळंब लागतं. चिंतामणीचं कळंब. फेब्रुवारी 2024 मध्ये वर्ध्याहून इथपर्यंत रेल्वे आली. भोवती काळी जमीन, तिच्यात पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर. तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या अंगणात मी गोबरगॅसचं सयंत्र बराच वेळ पाहत बसलो होतो. एक बैलजोडी, दोन गाई. एक जनावर दिवसाला साधारण दहा किलो शेण देतं, म्हणजे चाळीस किलो. तेवढंच पाणी घालून मालकाने ते हौदात हाताने कालवलं, काड्या वेचून बाजूला टाकल्या आणि बूच काढलं. रबडी गडगडत आत गेली आणि पलीकडच्या तोंडातून तेवढीच जुनी रबडी बाहेर आली. पंचवीस किलो शेणातून जवळपास एक घनमीटर वायू मिळतो. म्हणजे या घरी दीड घनमीटर, चार-पाच माणसांच्या दोन्ही वेळच्या स्वयंपाकापुरता.

"थंडीत याचं पोट बिघडते भाऊ," मालक म्हणाले. विज्ञानाच्या पुस्तकातही याहून नेमकं वाक्य सापडणार नाही. ती टाकी म्हणजे खरोखर एक पोट आहे. गाईच्या कोठीपोटात जे जंतू चारा फोडतात, त्यांचेच भाऊबंद इथे कामाला असतात. त्यांना हवा चालत नाही आणि पस्तीस-सदतीस अंश ऊब लागते. एक गट शेणातला तंतू फोडून त्याची साखर करतो, दुसरा तिची आम्लं करतो, आणि सगळ्यांत नाजूक असा शेवटचा गट त्या आम्लांपासून मिथेन बनवतो. पहिल्या दोघांनी भराभर काम केलं आणि तिसरा मागे पडला की टाकी आंबते. उरलेला भात आणि लग्नाच्या पंगतीतलं खरकटं एकदम ओतलं की हमखास असं होतं.

टाकीतून वायू बाहेर येतो तेव्हा कार्बनचे अणू दोन रूपांत असतात. काही हायड्रोजनला धरून, ते मिथेन. काही ऑक्सिजनला धरून, तो कार्बन डायऑक्साइड. यापलीकडे थोडी वाफ असते, आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. तो बर्नर आणि इंजिन दोन्ही खातो, म्हणून वायू गंजलेल्या लोखंडाच्या चुऱ्यातून नेतात. गंधक लोखंडाला चिकटून मागे राहतं.

शेणा-मैल्यातून वायू काढणं आपल्याकडे नवीन नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात 1897 मध्ये मैल्यातून निघणाऱ्या वायूवर दिवे लागत होते. नवीन आहे ते त्या दहा लिटरांचं विभाजन. वायू चुलीपर्यंतच न्यायचा असेल, तर चार लिटर मिसळलेले राहिले तरी बिघडत नाही. तो बाटलीत भरून बसमध्ये जाळायचा असेल तर मात्र बिघडतं, कारण न जळणाऱ्या वायूने टाकीची जागा अडते. म्हणून भारतीय मानक 16087 सांगतं की विकायच्या वायूत मिथेन किमान 90 टक्के हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त 4 टक्के. नाशिक जिल्ह्यातल्या तळवाड्याला 2011 मध्ये असा शुद्ध केलेला वायू सीएनजीच्या बाटल्यांत भरण्याचा प्रकल्प सुरू झाला, दिवसाला 500 घनमीटरचा. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्राने 'सतत' नावाची योजना आणली, पाच हजार प्रकल्पांचं उद्दिष्ट ठेवून. आता शहरांत गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांना त्यांच्या गॅसमध्ये थोडा शेणाचा गॅस मिसळणं बंधनकारक होत चाललं आहे: 2025-26 मध्ये 1 टक्का, 2028-29 पर्यंत 5 टक्के.

चार लिटर सहांपासून वेगळे करतात कसे? जत्रेतल्या गोटी सोड्यावरून हे लगेच समजतं. दाब दिला की कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, गोटी आत ढकलली की फसफसून बाहेर येतो. मिथेन पाण्याला फारसा जुमानत नाही. कार्बन डायऑक्साइड त्याच्या वीसपटीहून अधिक विरघळतो. मग एक उंच नळकांडं घ्यायचं, खालून दाबाखाली वायू सोडायचा, वरून पाणी. वर पोचतो तो जवळजवळ निव्वळ मिथेन. खाली उतरलेल्या पाण्याचा दाब कमी केला की चार लिटर मोकळे होतात. दुसरी रीत बारीक पडद्यांची. पोकळ धाग्यांच्या जुडग्यातून वायू ढकलला की कार्बन डायऑक्साइड धाग्याच्या भिंतीतून झिरपून जातो आणि मिथेन आत राहतो. तिसऱ्या रीतीत एक चूर्ण दाबाखाली तो वायू धरून ठेवतं आणि दाब काढला की सोडतं.

इथे एक खोच आहे आणि ती बहुतेक माहितीपत्रकांत सापडत नाही. पाण्याच्या रीतीत ते पाणी पुन्हा वापरता यावं म्हणून त्यातून हवा फुंकतात. त्यामुळे चार लिटर बाहेर येतात ते हवेत मिसळून. वेगळे केलेले परत एकत्र झाले! कार्बन डायऑक्साइड धरायचाच असेल तर पडद्याची किंवा चूर्णाची रीत बरी. हे प्रकल्प बांधतानाच ठरवावं लागतं, मागाहून सुचून उपयोग नाही.

आता हे चार लिटर धरायचे कशासाठी? त्यासाठी कळंबहून त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वणीला जाऊ. वणीच्या खाणीतून कोळसा निघतो. त्यातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेला होता. जळला की तो हवेत नव्याने भर टाकतो. कळंबच्या शेणातला कार्बन गेल्या हंगामात हवेतच होता. सोयाबीनच्या पानाने तो घेतला, त्याचं कुटार झालं, बैलाने ते खाल्लं. तो जळून हवेत गेला तर जिथून आला तिथेच गेला, हिशेब शून्यावर. आणि त्यातला काही भाग हवेत न सोडता जमिनीखाली घातला तर? मग हिशेब शून्याच्या खाली उतरतो. वणीला कार्बन खालून वर येतो, इथे वरून खाली जाईल. शेणाच्या गॅसला कार्बन पकडण्याची जोड द्यायची ती एवढ्यासाठी. नुसत्या कोळशाच्या धुराड्यावर पकडयंत्रणा बसवून हे साधत नाही. तिथे फार तर नुकसान थांबतं.

जरा आकडे मांडू. वायूचं प्रमाण सहास चार धरलं, तर एक किलो मिथेनसोबत टाकीतून 1.83 किलो कार्बन डायऑक्साइड आलेला असतो. तोच किलोभर मिथेन पुढे बसच्या इंजिनात जळला की 2.75 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. हा दुसरा हिस्सा धुराड्यागणिक रस्त्यावर विखुरतो. त्यामागे कोणी पिशवी घेऊन धावू शकत नाही. पहिला मात्र एकाच ठिकाणी, एकाच नळीत, जवळजवळ शुद्ध मिळतो. कोळशाच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड 12 ते 15 टक्के, गॅसवर चालणाऱ्या केंद्राच्या धुरात 4 टक्क्यांच्या आसपास. बाकी बहुतेक नायट्रोजन. त्यातून तो वेचून काढायला खास रसायनं लागतात आणि ती पुन्हा तापवायला भरपूर वाफ. शेणाच्या गॅसच्या प्रकल्पात हे वेचण्याचं काम गॅस विकण्यासाठी आधीच झालेलं असतं. तूर उपणल्यावर दाणा एकीकडे आणि भुसा दुसरीकडे पडतोच. प्रश्न फक्त भुसा वाऱ्यावर सोडायचा की पोत्यात भरायचा एवढा.

ऊसपट्ट्यातल्या आसवन्यांना ही गोष्ट ओळखीची आहे. मळी आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड असाच शुद्ध असतो. तो साफ करून, दाबून, द्रवरूप करून शीतपेयांना आणि कोरड्या बर्फाला विकता येतो. पण विकणं म्हणजे साठवणं नव्हे. सोड्यात घातलेला कार्बन डायऑक्साइड प्यायल्यावर ढेकरेसरशी परत हवेत. त्याला कार्बन पकडला म्हणणं म्हणजे पोत्यात भरलेला भुसा गावच्या वेशीवर उधळून येणं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डेकाटरला पुढचं पाऊल टाकलं गेलं. मक्याच्या इथेनॉलच्या आंबवणीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड 2011 ते 2014 या काळात दोन किलोमीटरहून खोल वाळूच्या दगडात सोडला, सुमारे दहा लाख टन.

कळंबखाली वाळूचा दगड नाही, बेसाल्ट आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून जो काळा कातळ झाला, दख्खनचं पठार, त्याचा हा पूर्वेकडचा भाग. आपली काळी माती हा त्याचाच झिजून झालेला चुरा. या भागात विहीर खणताना काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढऱ्या गारा लागतात. पोरं त्या खिशात घालून शाळेत नेतात. त्यातली एखादी कॅल्साइटची असते. तिच्यावर प्रयोगशाळेतल्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की ती फसफसते. तो फेस म्हणजे लाखो वर्षं दगड होऊन बसलेला कार्बन डायऑक्साइड. म्हणजे बेसाल्टने हे काम आधीच करून ठेवलंय. दगडातला कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह कार्बनच्या पाण्याला भेटले की कार्बोनेट खनिजं बनतात.

आइसलंडच्या लोकांनी हेच मुद्दाम, घाईने घडवून आणलं. कार्बफिक्स नावाच्या प्रकल्पात हेलिशेदी वीजकेंद्राचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळवून, सोड्यासारखा, चार-पाचशे मीटर खालच्या बेसाल्टमध्ये सोडला. 2016 मध्ये निष्कर्ष छापून आले: दोन वर्षांच्या आत 95 टक्क्यांहून अधिक वायूचा दगड झाला होता. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वॉलुलाला 2013 मध्ये जवळपास हजार टन कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये घातला. पुढे तिथला दगड कापून काढला तेव्हा त्यात नवी कार्बोनेट खनिजं सापडली.

हे वाचून कोणाला कळंबला उद्याच बोअर मारावीशी वाटेल. मला तसं वाटत नाही. आइसलंडच्या रीतीत एक टन कार्बन डायऑक्साइड विरघळवायला साधारण पंचवीस टन पाणी लागतं. यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाला हे कोण सांगणार? दुसरं कारण चिंतामणीच्या मंदिरात उभं राहिलं की कळतं. हे मंदिर जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावं लागतं आणि तिथे कुंड आहे. बारा वर्षांनी गंगा येते आणि पाणी मूर्तीच्या पायांपर्यंत चढतं अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवू. पण काळ्या दगडाच्या भेगांतून भूजल हिंडतं, चढतं, उतरतं, हे तिथे डोळ्यांना दिसतं. त्याच भेगांतलं पाणी शेतकऱ्यांच्या विहिरीत येतं. त्यात वरवर सोडा भरणं परवडणारं नाही; फार खाली, पिण्याच्या पाण्यापासून तुटलेल्या थरात जावं लागेल. पूर्वेकडे दख्खनचा थर पातळ होत जातो. कोयनेच्या परिसरात भूकंप अभ्यासण्यासाठी तीन किलोमीटरचं छिद्र घेतलं, तेव्हा खालच्या ग्रॅनाइटला भिडण्याआधी सव्वा किलोमीटर बेसाल्ट लागला होता. जाड थर तिकडे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने दख्खनच्या बेसाल्टचा या दृष्टीने अभ्यास केला आहे आणि आयआयटी मुंबईत 2022 पासून कार्बन पकडण्या-वापरण्याचं राष्ट्रीय केंद्र आहे. योग्य दगड शोधायचा आहे, आणि तो आपल्या गावाखालीच निघाला पाहिजे असा हट्ट नको.

मग कार्बन डायऑक्साइड तिथवर वाहून न्यायचा? आधी किती, ते पाहू. किलोभर मिथेनला बासष्ट-त्रेसष्ट किलो शेण लागतं, म्हणजे सहाएक जनावरांचं दिवसभराचं. दिवसाला एक टन गॅसचा छोटा प्रकल्प म्हटला तरी सहा हजार जनावरांचं शेण, रोज, ट्रॉलीने गोळा करायचं. पाच टनांचा म्हटला तर एकतीस हजारांचं. म्हणून मोठे प्रकल्प नुसत्या शेणावर उभे राहत नाहीत. साखर कारखान्याची प्रेसमड, भाजीबाजाराचा कचरा, नेपिअर गवत असं काहीबाही लागतं. पाच टनांच्या प्रकल्पातून दिवसाला नऊ टन कार्बन डायऑक्साइड मिळेल, म्हणजे दोन दिवसांनी अठरा टनांचा एक टँकर. तो शंभर किलोमीटर जाऊन रिकामा परत आला तर साठएक लिटर डिझेल जाळेल, त्याचा धूर दीडशे-पावणेदोनशे किलोंचा. अठरा टनांपुढे किरकोळ. टँकरच्या धुराचा बाऊ करणारे बाकीचा हिशेब पाहत नाहीत. खरी खोट वायू द्रवरूप करण्याच्या विजेत आहे: टनाला दीडशे-दोनशे युनिट. आपली वीज बहुतांश कोळशाची, तेव्हा पुरलेल्या प्रत्येक टनातला दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक तिथेच खर्ची पडतो. प्रकल्पाने आपल्याच गॅसवर वीज केली किंवा छपरावर सौरपट्ट्या टाकल्या तर हे वाचतं.

पऱ्हाट्यांचं काय, असं कळंबचा माणूस विचारणारच. कापसाची शेवटची वेचणी झाली की शेतात उभ्या राहिलेल्या त्या वाळक्या झाडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते, म्हणून त्या लवकर काढा असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. लोक बांधावर पेटवतात. टाकीच्या पोटाला पऱ्हाटी पचत नाही. त्यातलं लिग्निन जंतूंना फुटत नाही. पण कमी हवेत जाळून तिचा कोळसा करता येतो. वाळक्या चार-पाच किलोंचा एक किलो. तो मातीत मिसळला तर शतकानुशतकं तसाच राहतो. एका किलो कोळशात साधारण अडीच किलो कार्बन डायऑक्साइडचा ऐवज अडकलेला असतो. बोअर नको, टँकर नको, पंचवीस टन पाणीही नको. एक निमुळता खड्डा आणि शेवटी विझवायला चार बादल्या. कळंबपुरतं मला विचाराल तर कार्बन पुरण्याची सुरुवात इथून होऊ शकते. चार लिटरांसाठी मोठ्या प्रकल्पाची वाट पाहावी लागेल, पऱ्हाट्यांसाठी नाही.

आणि घरच्या सयंत्रात ते चार लिटर धरायच्या भानगडीत कोणी पडू नये. दीड घनमीटरमागे ते जेमतेम किलोभर भरतात. तिथे पाहायची गोष्ट वेगळीच आहे. न जळता हवेत सुटलेला एक किलो मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने 27 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता धरतो. वीस वर्षांचा हिशेब केला तर 80 किलोंएवढी. मोठ्या प्रकल्पाने 100 किलो मिथेनसोबतचा सगळा 183 किलो कार्बन डायऑक्साइड जमिनीत घातला आणि कुठे सांध्यातून, कुठे पडद्याच्या मागून, कुठे स्लरीच्या, म्हणजे बाहेर आलेल्या रबडीच्या, उघड्या खड्ड्यातून सात किलो मिथेन निसटला, तर सगळी मेहनत तिथेच फिटली. वीस वर्षांच्या हिशेबाने अडीच किलोही पुरे. बाहेर आलेली स्लरी आठवडे-आठवडे मिथेन सोडत राहते, म्हणून तिची टाकी झाकलेली असली पाहिजे. कोणी अशा प्रकल्पाचा गवगवा केला तर मी आधी स्लरी कुठे साठवता ते विचारेन, मग बोअरची खोली.

त्या अंगणात मालकांनी शेगडी बंद केली, तरी मला वास येत होता. अंड्याचा, अगदी पुसट. मी तसं म्हणालो. ते आत गेले, भांडी घासायच्या साबणाचा फेस वाटीत घेऊन आले आणि नळी जिथे टाकीच्या पाइपाला जोडली होती तिथे बोटाने लावला. क्षणभर काही नाही. मग क्लिपेच्या खालच्या बाजूला, जिथे रबर उन्हाने तडकलं होतं, एक फुगा हळूहळू मोठा होत गेला, फुटला आणि त्याच जागी दुसरा यायला लागला. त्यांनी कंबरेचा सुरा काढून नळीचं टोक दोन बोटं कापलं, पुन्हा घट्ट बसवलं, क्लिप आवळली, परत फेस लावला आणि आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.